तुमचंच घर आहे

सुमेधा: नाही अण्णा, पुन्हा पहिल्यापासून सांगा. गुरुवारी कोस आला. बॉयलर बघितला. मग?

अण्णा: मग बसला. घरमालक म्हटल्यावर मी चहा केला. त्याने बिनदुधाचा घेतला. तेव्हाच मी ओळखलं, माणूस दुःखात आहे.

सुमेधा: इथे डच लोक सगळेच बिनदुधाचा घेतात.

अण्णा: मग सगळेच दुःखात असतील. हवा बघ की बाहेरची. भर दुपारी दिवा लावून बसलोय आपण. आमच्याकडे ग्रहणालाही एवढा अंधार पडत नाही.

सुमेधा: अण्णा.

अण्णा: सांगतोय ना. तो म्हणाला, माझी मुलगी आहे, मार्लूस. हार्लेमला असते. तिचं आणि तिच्या माणसाचं फाटलं. पदरात लहान पोर आहे आणि दुसरी जागा कुठे मिळत नाही. मी म्हटलं, अरेरे.

सुमेधा: अरेरे इंग्रजीत काय म्हणालात?

अण्णा: अरेरेच म्हणालो. अरेरेला इंग्रजी लागत नाही. त्याला बरोबर कळलं.

सुमेधा: आणि घराबद्दल तो नेमकं काय म्हणाला? आठवून सांगा. मला शब्दाला शब्द हवंय.

अण्णा: म्हणाला, हे घर माझं आहे, पण मी तुम्हाला जा म्हणू शकत नाही. कायदा तुमच्या बाजूचा आहे. मी फक्त विचारू शकतो. काय सरळ माणूस आहे! आपल्याकडे मालक आधी भाडेकरूचं पाणी तोडतो आणि मग विचारतो. सगळी नोकरी मी पाणीपुरवठ्यात काढली, मला विचार ना. हा माणूस समोर बसून, कप गुडघ्यावर ठेवून विचारतोय. मला भरून आलं.

सुमेधा: आणि भरून आल्यावर?

अण्णा: भरून आल्यावर माणूस जे बोलतो ते बोललो. म्हटलं, ‘सर, द हाउस इज युवर्स. वी आर ओन्ली बर्ड्स.’

सुमेधा: बर्ड्स?

अण्णा: पाखरं गं. आज या फांदीवर, उद्या त्या. तोही म्हणाला, ‘बर्ड्स?’ मी म्हटलं, ‘येस सर. यू से, वी फ्लाय.’ आणि तेवढ्यात वरून विमान गेलं. फार छान जमून आलं ते.

सुमेधा: यू से, वी फ्लाय.

अण्णा: माझं इंग्रजी सरकारी अर्जातलं आहे, पण वेळेला उपयोगी पडतं.

सुमेधा: अण्णा, मघाशी तुम्ही झोपला होतात तेव्हा कोस येऊन गेला. हातात मोजायची टेप. बूट काढून आत आला, जिन्याची रुंदी मोजली. मार्लूसचं कपाट वर चढेल का ते बघायला. जाताना मला म्हणाला, तुझ्या सासऱ्यांना माझे आभार सांग, असा मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही.

अण्णा: असं म्हणाला? बघ. पण आपला जिना कशाला मोजला?

सुमेधा: ती राहायला येतेय म्हणून.

अण्णा: कुठे?

सुमेधा: इथे. नवीन वर्ष लागलं की.

अण्णा: मग आपण?

सुमेधा: तुम्ही पुण्याला. आम्ही कुठे ते ठरायचंय. पाखरं आहोत ना.

अण्णा: थांब, थांब. मी ‘हो’ कुठे म्हटलं? मी आपलं बोलायला बोललो. पाहुणा निघाला की आपण म्हणतो, जेवूनच जा. म्हणून काय तो लगेच पाट ओढून बसतो?

सुमेधा: इथे बसतो. पहिल्या वर्षी मी शेजारच्या एल्सला म्हटलं, या कधीतरी जेवायला. तिने तिथेच रस्त्यात फोन काढला आणि म्हणाली, कधी? मंगळवारी चालेल? मंगळवारी ती नवऱ्याला, दोन मुलांना घेऊन दारात हजर. मी रडत रडत पुऱ्या तळल्या.

अण्णा: पण पद्धत असते गं काहीतरी! पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, तुमचंच घर आहे. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बघू, मुलांशी बोलतो. तिसऱ्यांदा विचारलं की खरं काय ते सांगायचं. हा गृहस्थ एकदाच विचारून उठला. मी म्हटलं आणखी चहा घ्या, तर नको म्हणाला. आणि खरंच घेतला नाही!

सुमेधा: आई असत्या तर त्यांनी टेबलाखालून तुम्हाला पाय मारला असता.

अण्णा: हो. बरेच दिवस झाले, कुणी मारला नाही.

सुमेधा: मला तसं म्हणायचं नव्हतं.

अण्णा: म्हण गं. खरंच आहे ते. सुहासिनी होती तोवर माझं अर्धं बोलणं नडगीवरच थांबायचं. पण मला सांग, मी कोण लागून गेलो? तीन महिन्यांचा पाहुणा. माझ्या बोलण्यावर कुणाचं घर कसं जाईल? तू सांग त्याला, म्हातारा आहे, बडबडतो... थांब, विमान जाऊ दे.

सुमेधा: गेलं. आता ऐका. या देशात जागा मिळत नाही, अण्णा. एका घरापाठी शंभर लोक असतात. आधी आम्ही आम्सटलवेनमध्ये एका बाईच्या घरात वरच्या खोलीत राहिलो. फोडणी दिली की ती खालून झाडूने छत ठोकायची. मग एक जागा मिळाली, ती मालकाने विकली. मग एक मिळाली, तिच्या भिंतींना बुरशी. संहिता, एवढीशी पोर, रात्रभर खोकायची. आणि मग हे उइटहॉर्न. कुणाला सांगितलं की विचारायचे, हे कुठे आलं? वरून विमानं, खाली नदी, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर माणूस नाही. पण कागदावर मुदत नाही. आम्ही ‘जातो’ म्हणेपर्यंत कुणी जा म्हणू शकत नाही.

अण्णा: आणि ‘जातो’ मी म्हटलं.

सुमेधा: ही तुमच्या पायाखालची जमीन बघताय ना? ही मी घातलीय.

अण्णा: जमीन?

सुमेधा: इथे घर देतात ते उघडंवाघडं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, खाली नुसतं सिमेंट. जमीन ज्याची त्याने घालायची. फळ्या आणल्या आणि दोघांनी मिळून बसवल्या. म्हणजे प्रणवने व्हिडिओ लावला आणि मी बसवल्या. गुडघे सोलून निघाले होते. सोडताना पुन्हा उचकटून न्यायच्या.

अण्णा: जमीन न्यायची? मी भाडेकरू बल्ब काढून नेताना पाहिलेत. एकाने नळ नेला होता, त्याची चौकशी माझ्याकडेच आली होती. जमीन नेणारे लोक आज पहिल्यांदा ऐकतोय.

सुमेधा: मला न्यायची नाही. तेच सांगतेय मी. मला ती इथेच हवीय आणि तिच्यावर मी हवीय.

प्रणव: आलो मी. कुणी येऊन गेलं का? बाहेरचा दिवा चालू आहे. सुमे, कढीपत्ता मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, पुढच्या शुक्रवारी. संहिताला पाचला आणायचंय ना लोट्टेच्या वाढदिवसाहून?

सुमेधा: पाचला. एक मिनिटही आधी नाही, नंतर नाही. बस. कोस आला होता, टेप घेऊन.

प्रणव: आज?

सुमेधा: आज म्हणजे? येणार हे तुला माहीत होतं?

प्रणव: तसं नाही. म्हणजे, येईन म्हणाला होता. कधी ते नव्हतं सांगितलं.

सुमेधा: कुठे भेटला तुला?

प्रणव: रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला गेलो होतो ना शुक्रवारी. तिथे तोही बाटल्या टाकत होता. म्हणाला, तुझे वडील बोलले ते तुझंही म्हणणं आहे का? मला नीट खात्री करून घ्यायची आहे.

अण्णा: म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं की त्याने! मी म्हणालो ना, पद्धत असते!

सुमेधा: हो, विचारलं. फक्त दुसऱ्या माणसाला विचारलं. तू काय म्हणालास?

प्रणव: सुमे, अण्णा आधीच बोलून बसले होते. मी काय त्यांना खोटं पाडायचं? परक्या माणसासमोर?

सुमेधा: तू काय म्हणालास?

प्रणव: ‘येस’ म्हणालो.

अण्णा: अरे गाढवा! माझ्या शब्दाखातर घर दिलंस? माझा शब्द तू कधी ऐकला होतास? म्हटलं सिव्हिलला जा, कॉम्प्युटरला गेलास. म्हटलं पुण्यात राहा, समुद्राच्या पातळीखाली येऊन राहिलास. साधा लग्नाचा हॉल माझ्या पसंतीचा घेतला नाहीस. आणि ऐकलास तो नेमका हाच?

प्रणव: अण्णा, आता त्याचा उपयोग नाही. मार्लूसने हार्लेमची जागा सोडते म्हणून कळवलंसुद्धा.

सुमेधा: आपण दोन महिन्यांत निघणार हे गल्लीत कुणाकुणाला माहीत आहे, प्रणव? एल्सला आहे? पोस्टमनला? मलाच तेवढं टेप बघून कळायचं होतं?

प्रणव: मी आज सांगणारच होतो. जेवण झाल्यावर.

अण्णा: माझा कोट दे. मफलर दे. शब्द मी दिला, परत घेणारही मीच. कुठे राहतो तो?

सुमेधा: नदीकडची गल्ली, निळं दार. बाहेर लाकडी बदक ठेवलंय. पण अण्णा, एक करा. फक्त ‘नो’ म्हणा. ‘वी आर नॉट लीव्हिंग.’ त्याच्या आधी काही नको, त्याच्यानंतर काही नको.

अण्णा: निदान कसे आहात, तब्येत कशी आहे?

सुमेधा: नको.

अण्णा: बरं. नो. वी आर नॉट लीव्हिंग. दारातच म्हणू की आत जाऊन?

सुमेधा: दारातच.

(अण्णा जातात. खिडकीत उरलासुरला उजेडही जातो.)

प्रणव: त्यांना कशाला पाठवलंस? वाट चुकतील.

सुमेधा: वाट चुकून या गावात जाणार कुठे? नदीला लागतील आणि परत येतील. तू मला एक सांग. तुला जायचंच होतं ना?

प्रणव: काय?

सुमेधा: अण्णांना खोटं पाडायचं नव्हतं, वगैरे ठीक आहे. पण तू खूश होतास शुक्रवारी. बाटल्या टाकून आलास आणि शीळ वाजवत होतास. मला वाटलं, बाटल्या टाकायचाच आनंद असेल.

प्रणव: तू कधी सकाळी साडेसहाला ट्राममध्ये बसलीयेस? मग मेट्रो, मग युट्रेख्टची गाडी, ती पण उभ्याने. अंधारात निघतो, अंधारात येतो. हे घर मी शनिवार-रविवार बघतो. आणि ते मला आवडावं म्हणून तू माझ्या तोंडाकडे बघत असतेस.

सुमेधा: मग बोलायचंस.

प्रणव: बोललो असतो तर भांडण झालं असतं.

सुमेधा: आणि आता काय चाललंय?

प्रणव: आता अण्णांमुळे चाललंय.

सुमेधा: तेच म्हणतेय मी. आयता आडोसा सापडला तुला. उद्या कुणी विचारलं, घर का सोडलं, तर म्हणायला मोकळा: वडिलांनी शब्द दिला होता. केवढा आज्ञाधारक मुलगा.

प्रणव: युट्रेख्टला ऑफिसजवळ एक फ्लॅट बघितलाय मी. एक बेडरूम आहे, पण...

सुमेधा: बघितलास? जाऊन?

प्रणव: लंच ब्रेकमध्ये. नुसता बघितला. तिघांना पुरेल. संहिताला तिकडे शाळा मिळेल. मुलं लवकर रुळतात.

सुमेधा: मुलं रुळतात. तू रुळशील. मी?

प्रणव: तुलाही मिळेल काहीतरी. तुझं डच चांगलं आहे.

सुमेधा: काहीतरी. प्रणव, मी या देशात आले तेव्हा माझ्या राहण्याच्या परवान्यावर माझ्या नावाखाली लिहिलं होतं, नवऱ्यावर अवलंबून. बँकेत गेले, विचारलं, नवरा कुठाय? डॉक्टरकडे गेले, तेच. तीन वर्षं मी तुझ्याबरोबर आलेलं सामान होते. इथे मी नोकरी करते त्या पाळणाघरात मला मुलं नावाने हाक मारतात. ‘सूमे’ म्हणतात, ‘धा’ खाऊन टाकतात, पण नाव माझं असतं. बेकरीतली बाई विचारते, संहिताचा खोकला गेला का. ते एक नेहमीचं भुंकणारं कुत्रंसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाही. तुझ्यावर भुंकतं.

प्रणव: ते माझ्या बॅगेवर भुंकतं.

सुमेधा: कारण तू त्याला फक्त बॅगेसकट दिसतोस. आणि ऐक. करारावर माझीही सही आहे. माझ्याशिवाय तुझं ‘येस’ अर्धंच आहे.

प्रणव: मग कोसने ते पुरेसं का धरलं?

सुमेधा: त्याला वाटलं असेल, बायकोशी बोलूनच सांगत असेल. त्याच्या घरात बोलत असतील.

प्रणव: असं बोलू नकोस ना.

सुमेधा: मग कसं बोलू? दार वाजलं. आले.

अण्णा: हुश्श. आधी टेकू द्या मला.

सुमेधा: झालं?

अण्णा: काय गार वारा आहे नदीवर. माणसाला सोलून काढतो.

सुमेधा: अण्णा, ‘नो’ म्हणालात?

अण्णा: क्रमाने सांगतो. दार कोसने उघडायला हवं होतं की नाही? उघडलं त्या मुलीने. मार्लूसने. आजच आली होती पोराला घेऊन. कोसने माझी ओळख करून दिली आणि तिने मला एकदम मिठी मारली. मला उभ्या जन्मात परक्या बाईने मिठी मारलेली नाही. हात कुठे ठेवावेत कळेना. मी ते कोटाच्या खिशात ठेवले.

प्रणव: आणि आत गेलात.

अण्णा: मिठी मारल्यावर दारात कसा उभा राहणार? आत गेलो. एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. तरी मी विषय काढला बरं का! टाळला नाही. म्हटलं, मी घराबद्दल बोलायला आलोय.

सुमेधा: मग?

अण्णा: मग तिचा चेहरा बघितला. काळी वर्तुळं पार गालापर्यंत. आमची लेक आसावरी सासर सोडून आली होती ना, ती अशीच बसायची, खुर्चीच्या कडेला. जसं कुणीतरी आत्ता ऊठ म्हणणार आहे. पोर माझ्या मफलरची दशी ओढत होतं. पायात मोजे नाहीत. आणि सगळे माझ्याकडे बघतायत, आता हा काय बोलतो. मी म्हटलं...

सुमेधा: काय म्हटलंत?

अण्णा: म्हटलं, ती लाकडी जमीन आहे ना घरात, ती आम्ही उचलणार नाही. राहू दे. पोराच्या पायाला सिमेंट गार लागेल.

प्रणव: अण्णा!

अण्णा: तोंडातून गेलं रे. ‘नो’ जिभेवर होतं. अगदी टोकावर होतं. पण जमीनच आधी बाहेर पडली.

सुमेधा: घर परत आणायला पाठवलं होतं तुम्हाला.

अण्णा: हो.

सुमेधा: तुम्ही जमीनही देऊन आलात.

अण्णा: मला रागाव. मोठ्याने रागाव. सुहासिनी असती तर आज नडगी मोडली असती माझी.

सुमेधा: मी रागावत नाहीये. माझा फोन कुठाय?

प्रणव: सुमे, थांब. मी इंग्रजीत नीट समजावून मेल करतो.

सुमेधा: कोसशी मी डच बोलते. आणि तुम्ही दोघं इथेच बसा. स्वयंपाकघराचं दार मी लावून घेतेय.

अण्णा: लावलं तिने दार. प्रणव, ऐकू येतंय का?

प्रणव: येतंय.

अण्णा: काय म्हणतेय?

प्रणव: कळत नाही.

अण्णा: इतकी वर्षं इथे काय केलंस मग?

प्रणव: ऑफिसमध्ये इंग्रजी चालतं, अण्णा.

अण्णा: आवाज चढला का तिचा?

प्रणव: नाही, ती भाषाच तशी आहे. प्रेमाने बोलले तरी घसा साफ केल्यासारखं वाटतं.

अण्णा: हसली बघ.

प्रणव: हसली नाही.

अण्णा: आता काय म्हणाली? ‘ने’ की ‘नेय’, असं काहीतरी. पुन्हा म्हणाली बघ.

प्रणव: नेय. नेय म्हणजे नाही.

अण्णा: एवढं येतं तुला?

प्रणव: एवढं सगळ्यांना येतं.

अण्णा: मग त्या बाटल्यांपाशी तेवढंच म्हणायला काय झालं होतं?

प्रणव: तुम्हालाही येत होतं की. इंग्रजीतून.

अण्णा: हो. ते आहेच. ती बघ, एकदम ‘नेय’वरच आली. कसे आहात नाही, जेवलात का नाही. मला वाटतं, आधी दोन शब्द गोड बोलायला हवे होते. तेवढ्याने काही बिघडत नाही.

प्रणव: तेवढ्यानेच बिघडलंय, अण्णा.

अण्णा: आता गप्प आहे.

प्रणव: तो बोलत असेल.

अण्णा: एवढा वेळ? तो तर मोजकं बोलतो.

प्रणव: अण्णा, ऐकू द्या ना.

अण्णा: तुला कळत तर नाही, ऐकून काय करणार? आली, आली. सरळ बस.

सुमेधा: झालं.

अण्णा: ओरडला?

सुमेधा: नाही. म्हणाला, ठीक आहे. आता स्पष्ट झालं.

प्रणव: बस? एवढंच?

सुमेधा: एवढंच. मग फोन हातात धरूनच त्याने मार्लूसला हाक मारली आणि तिथल्या तिथे सांगितलं. मला ऐकू येत होतं.

अण्णा: ती रडली?

सुमेधा: नाही. पोर विचारत होतं, मग माझी खोली कुठली?

प्रणव: आणि हार्लेमची जागा?

सुमेधा: ती गेली. दुसऱ्या कुणाला दिलीसुद्धा. आता कोसच्या माळ्यावर राहतील दोघं. माळ्यावर त्याचं आगगाडीचं खेळणं मांडलेलं आहे ना, बोगदे, स्टेशन, सगळं, ते तो काढणार आहे. म्हणाला, तसंही काढायचंच होतं.

अण्णा: हे तो खरं बोलला, की बोलायला बोलला?

सुमेधा: माहीत नाही, अण्णा. या माणसाचं बोलणं मला पहिल्यांदाच कळलं नाही.

प्रणव: मी जातो त्याच्याकडे. सॉरी म्हणून येतो.

सुमेधा: नको. तू गेलास तर अंगणही देऊन येशील. संहिताला आण, पाच वाजत आलेत. आणि तुझ्या ट्रामचं, त्या फ्लॅटचं आपण बोलू. भांडण झालं तर झालं. पण बोलू.

अण्णा: मला आता नदीकडे फिरायला जायची सोय राहिली नाही.

सुमेधा: जायचं की. तो दिसला तर हात करेल तुम्हाला. त्यांच्यात मनात धरत नाहीत.

अण्णा: तेच तर. त्याने हात केला तर मी काय करू? तोंड चुकवायलासुद्धा समोरच्याने थोडी मदत करावी लागते.

प्रणव: सुमे, आणखी काही म्हणाला का तो? बराच वेळ चाललं होतं.

सुमेधा: एक विचारलं. म्हणाला, मग त्या दोघांनी मला हे का नाही सांगितलं?

अण्णा: तू काय म्हणालीस?

सुमेधा: म्हटलं, ते फार चांगले लोक आहेत.

अण्णा: मग?

सुमेधा: मग म्हणाला, आणि तू?

प्रणव: असं म्हणाला?

सुमेधा: टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

अण्णा: मग काय सांगितलंस?

सुमेधा: म्हटलं, मी इथे राहते.